वेगाची किंमत : गाडी बोटीने आणावी की चाकणची घ्यावी?



मराठी विभागाच्या संपादकांनी "टेक्निकल लेख हवा, पण मराठीतच हवा" अशी अट घातली तेव्हा मी आधी जरा दचकलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. 'टॉर्क'ला मराठीत काय म्हणतात हे मी आमच्या वर्कशॉपच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "टॉर्कच म्हणतात. शेडमध्ये जाऊन बघ." तेव्हा या लेखात टॉर्क हा टॉर्कच राहील. 'आयात शुल्क' हा शब्द मात्र मी नव्याने शिकले आणि तो या लेखात बऱ्याच वेळा येणार आहे.

विषय तसा मेसमधला आहे. रात्री जेवणानंतर आपल्याकडे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, खरी परफॉर्मन्स कार म्हणजे बाहेरून आलेली, बाकी सगळे स्टिकर. दुसरा पक्ष म्हणतो, आपल्या चाकणला काय कमी बनतं? दोन्हीकडचे लोक गाडी घेण्याच्या परिस्थितीत नसल्यामुळे वाद छान रंगतो. पण गेल्या वर्षी हाच प्रश्न मला एका खऱ्या गिऱ्हाइकाने विचारला. माझा मामा भोसरी एमआयडीसीत छोटी मशीनशॉप चालवतो. चौदा माणसं, जॉबवर्क, माल बहुतेक चाकणला जातो. वीस वर्षं त्याने काटकसरीने काढली आणि आता त्याला एक 'मजा येणारी' गाडी हवी होती. "तू मेकॅनिकलला आहेस ना? मग मला भावना नको, हिशोब करून दे," असं तो म्हणाला. तो हिशोब करताना जे कळलं ते इथे मांडते.

बोटीतून, पेटीतून की पत्र्यापासून?

'इम्पोर्टेड' हा शब्द आपण फार सैल वापरतो. पूर्ण तयार गाडी बोटीतून उतरली तर ती सीबीयू, म्हणजे कम्प्लीटली बिल्ट युनिट. सुट्या भागांचं किट पेट्यांमधून येऊन इथे जोडलं तर ती सीकेडी. त्यातही दोन पायऱ्या आहेत. इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जुळवून आलेला असेल, फक्त गाडीवर बसवायचा बाकी असेल, तर शुल्क जास्त. तेही इथेच जुळवले तर कमी. आणि याच्यापलीकडे चौथा प्रकार, ज्यात पत्रा इथेच प्रेस होतो, बॉडी इथेच वेल्ड होते, रंग इथेच लागतो आणि पुरवठादारही बरेचसे इथलेच असतात. माझ्या मामासारखे.

आपल्या पट्ट्यात हे सगळे प्रकार हाताच्या अंतरावर बघायला मिळतात. मर्सिडीज-बेंझने भारतात १९९५ मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली ती टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात. २००९ मध्ये त्यांचा स्वतःचा कारखाना चाकणला उभा राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन झालं, आणि तिथे मात्र प्रेस शॉपपासून पेंट शॉपपर्यंत सगळं आहे. म्हणजे दोन जर्मन कंपन्या, एकच चाकण, पण काम करण्याची रीत वेगळी.

जोडणी इथे केली तर किमतीत किती फरक पडतो? याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण परफॉर्मन्स कारचं नाही, एस-क्लासचं आहे. जून २०२१ मध्ये नवी एस-क्लास आधी सीबीयू म्हणून आली. एस ४५० ची शोरूम किंमत होती २ कोटी १९ लाख. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीच एस ४५० चाकणला जोडलेली मिळू लागली, १ कोटी ६२ लाखांना. आधी आलेल्या गाडीत फिटिंग्ज जास्त होत्या, हे मान्य. तरीही चार महिन्यांत सत्तावन्न लाखांचा फरक निव्वळ लेदरच्या सीटमुळे पडत नाही!

आणि हे फक्त आरामाच्या गाड्यांचं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये एएमजी जीएलसी ४३ कूपे ही भारतात जोडलेली पहिली एएमजी ठरली. तीन लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-६, ३९० पीएस, किंमत ७६ लाख ७० हजार. पुढच्या वर्षी ३०६ पीएसची ए ३५ आली. म्हणजे 'चाकणची गाडी' म्हटल्यावर कोणी तोंड वाकडं केलं तर त्याला हे दोन आकडे सांगावेत.

शुल्कावर शुल्क

आता मुख्य गणित. मेसमध्ये सगळे म्हणतात, "इम्पोर्टवर शंभर टक्के ड्यूटी असते, म्हणजे गाडी दुप्पट." हे चूक आहे. गाडी दुपटीने नाही, त्याहून पुष्कळ वाढते, कारण एक कर दुसऱ्या कराच्या डोक्यावर बसतो.

सुरुवात होते सीआयएफ किमतीपासून. म्हणजे गाडी, विमा आणि बोटीचं भाडं मिळून आपल्या बंदरापर्यंतची किंमत. ही किंमत ४० हजार डॉलरच्या आत असेल तर २०२३ च्या अर्थसंकल्पापासून तयार गाडीवर ७० टक्के सीमाशुल्क. त्या आधी ते ६० होतं. किंमत ४० हजार डॉलरच्या वर असेल तर फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने मूळ शुल्क ७० टक्के केलं आणि त्यावर ४० टक्क्यांचा कृषी पायाभूत सुविधा अधिभार लावला. एकूण ११०. त्या दिवशी "लक्झरी गाड्या स्वस्त" अशी चर्चा झाली, पण आधीही शंभर टक्के शुल्क आणि त्यावरचा अधिभार मिळून ११०च होत होते. बेरीज तीच, फक्त रकाने बदलले.

यावर येतो जीएसटी, आणि तो शुल्कासकट झालेल्या किमतीवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. आणि मग आरटीओ. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के रोड टॅक्स लागतो, पण आयात गाडीला सरळ २० टक्के.

चला, करून बघू. समजा बंदरावर आलेली गाडी २० लाखांची आहे. ७० टक्के शुल्क १४ लाख, झाले ३४. त्यावर ४० टक्के जीएसटी १३ लाख ६० हजार, झाले ४७ लाख ६० हजार. त्यावर २० टक्के रोड टॅक्स साधारण साडेनऊ लाख, झाले ५७ लाख. अजून डीलरचा नफा नाही, विमा नाही. विसाचे सत्तावन्न! आता ५० लाखांची गाडी घ्या. ११० टक्क्यांनी १ कोटी ५ लाख, जीएसटीने १ कोटी ४७ लाख, आरटीओने १ कोटी ७६ लाख. जवळजवळ साडेतीन पट.

याचा महाराष्ट्रातला सगळ्यात गाजलेला दाखला अर्थातच सचिनच्या फेरारीचा. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली, म्हणून मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. गाडी सुमारे ७५ लाखांची आणि तिच्यावरचं शुल्क १ कोटी १३ लाख! सरकारने ते माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी ते शुल्क फियाट कंपनीने भरलं. फुकट मिळालेली गाडीसुद्धा आपल्या बंदरावर फुकट उतरत नाही. माझा जन्म या सगळ्यानंतरचा, पण मामाला ते तारीखवार आठवतं.

किट आणि सुटे भाग यांच्यातली रेषाही किती पातळ आहे ते बघा. इंजिन किंवा गिअरबॉक्स जुळवून आलेल्या किटवर २०२३ पासून ३५ टक्के, पूर्ण सुट्या किटवर १५ टक्के, आणि साध्या सुट्या भागांवर त्याहूनही कमी. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली ती याच मुद्द्यावर. जवळजवळ पूर्ण गाड्यांची किट वेगवेगळे भाग म्हणून दाखवली, असं खात्याचं म्हणणं होतं. कंपनीने ते अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. पेटीवर काय लिहिलंय यावरून अब्जावधीचा फरक पडतो, हे आपल्याला कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत.

स्वतः आणायची म्हटली तर

आमच्या विंगमध्ये एकीचे काका अमेरिकेत आहेत. "काका परत येताना मस्टँग घेऊन येणार," असं ती दोन वर्षं सांगते आहे. मला तिचा विरस करायचा नाही, पण अमेरिकेतली मस्टँग डावीकडे स्टिअरिंगची असते आणि खाजगी वापरासाठी आणायची गाडी उजव्या स्टिअरिंगचीच लागते. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा आणि हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या रहदारीला जुळणारा हवा. (फोर्डने मस्टँग २०१६ मध्ये भारतात रीतसर आणली, ६५ लाखांना, ती उजव्या स्टिअरिंगची पहिली पिढी निघाली तेव्हाच.)

वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला लागतो, आणि ती उतरते फक्त मुंबईच्या बंदरात. परदेशी दोन वर्षं राहून कायमचं परत येणाऱ्यांना आपली गाडी आणता येते, पण ती तिथे किमान वर्षभर ताब्यात असायला हवी. आणि शुल्क? पूर्ण भरायचं, तेही परकीय चलनात. वापरलेल्या गाडीवर तर नव्यापेक्षा जास्त.

नवी गाडी असली तर तिला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. या संस्थांपैकी एआरएआय आपल्या पुण्यातच आहे, आणि सीआयआरटी तर मामाच्या शेडपासून जवळच, भोसरीत. कंपन्यांसाठी २०१८ मध्ये नियम सैल झाला. युरोप किंवा जपानची मान्यता असलेल्या गाड्या वर्षाला अडीच हजारांपर्यंत इथल्या चाचणीशिवाय आणता येतात. या एका नियमामुळे गेल्या काही वर्षांत शंभर-दीडशे गाड्यांच्या छोट्या खेपा येऊ लागल्या. म्हणून साध्या माणसाने स्वतः कंटेनर बुक करण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही. आयात करायचीच तर कंपनीने आणलेली घ्यावी, म्हणजे निदान वॉरंटी तरी राहते.

जोड्या लावा

शाळेत 'जोड्या लावा' यायचं तसं मी मामासाठी केलं. एकाच कंपनीची एक आयात गाडी आणि एक आपल्या भागात बनलेली गाडी समोरासमोर ठेवायची. यात मला सगळ्यात जास्त मजा आली.

पहिली जोडी फियाटची. ऑगस्ट २०१५ मध्ये अबार्थ ५९५ आली, बोटीतून, २९ लाख ८५ हजारांना. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १६० अश्वशक्ती. दोनच महिन्यांनी अबार्थ पुंटो आली, रांजणगावच्या कारखान्यातून, ९ लाख ९५ हजारांना. तेच १.४ टी-जेट, १४५ अश्वशक्ती. चाकणहून शिक्रापूरमार्गे रांजणगाव काही फार लांब नाही. बोनेटवर तोच विंचू, पंधरा अश्वशक्तीचा फरक आणि वीस लाखांचा फरक. म्हणजे जादाची एकेक अश्वशक्ती सव्वा लाखाच्या वर पडली. अर्थात ५९५ ही वेगळ्या धाटणीची, इवलीशी, हौसेची गाडी होती. दोघींची तुलना निव्वळ आकड्यांनी करणं तिच्या चाहत्यांना आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

दुसरी जोडी पोलोची. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली तेव्हा तिची किंमत ७ लाख ९९ हजार होती. १.२ लिटर, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी. नोव्हेंबर २०१६ मध्ये आयात पोलो जीटीआय आली. १.८ लिटर, १९२ पीएस, फक्त ९९ गाड्या, २५ लाख ९९ हजार. इथे फरक खरा होता, जवळजवळ दुप्पट ताकद. पण पुढच्याच वर्षी कंपनीने जीटीआयची किंमत १९ लाख ९९ हजारांवर आणली. ज्यांनी आधी घेतली त्यांचे सहा लाख एका दिवसात गेले. छोट्या खेपेने आलेल्या गाडीचा हा धोका कोणी ब्रोशरमध्ये छापत नाही. खेप लगेच संपली तर तुम्ही भाग्यवान, नाही संपली तर तुमच्या गाडीचा भाव शोरूमच ठरवणार.

तिसरी जोडी मामाची, म्हणजे खरी. मे २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली. दोन लिटर टर्बो, २६५ पीएस, ३७० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ५.९ सेकंद, किंमत ५३ लाख, पहिली खेप दीडशे गाड्यांची. (ऑक्टोबर २०२५ मध्ये याच कुळातली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली, ४९ लाख ९९ हजारांना, शंभर गाड्या. त्या लगेच बुक झाल्या.) समोर चाकणची व्हर्टस जीटी. दीड लिटर टर्बो, १५० पीएस, २५० न्यूटन-मीटर, २० लाखांच्या आसपास. ही गाडी चाकणहून मेक्सिकोलाही जाते, म्हणजे तिकडच्या माणसासाठी तीच 'इम्पोर्टेड'!

मामाला मी गोल्फचा उलटा हिशोब करून दाखवला. तेव्हा तिच्यावर जीएसटी २८ आणि सेस २० मिळून ४८ टक्के होते. ५३ लाखांना १.४८ ने भागा, येतात सुमारे ३६ लाख. त्याला १.७ ने भागा, येतात २१ लाख. यात डीलरचा नफाही आला. म्हणजे लोखंड, अॅल्युमिनियम, रबर आणि जर्मन इंजिनिअरची अक्कल, सगळं मिळून फार तर २१ लाखांचं. बाकी तीसेक लाख दिल्लीला आणि मुंबईला. मामा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

जादा पैशात मिळतं काय?

इथे मला आयात-पक्षालाही न्याय द्यायला हवा. व्हर्टसला टर्बो बदलून, सॉफ्टवेअर बदलून जास्त ताकद काढता येते, म्हणून ती गोल्फ होत नाही. जीटीआयच्या पुढच्या डिफरन्शिअलला इलेक्ट्रॉनिक लॉक आहे. वळणावर आतलं चाक फिरायला लागलं की तो टॉर्क बाहेरच्या चाकाकडे वळवतो. ब्रेक मोठे, सस्पेन्शन वेगळं, स्टिअरिंगचा रेशो वेगळा. हा सगळा संच एकत्र जुळवलेला असतो. रीमॅप केलेल्या गाडीत ताकद वाढते, पण क्लच, ब्रेक आणि इंटरकूलर जुनेच राहतात, आणि वॉरंटीही जाते. भोसरी-पिंपरीत हे काम करून देणारे हात चांगले आहेत, पण गाडी ही साखळी आहे आणि साखळीत आपण एकच कडी बदलतो.

प्रश्न एवढाच की तो संच वापरायचा कुठे. मी मामाच्या गेल्या तीन महिन्यांच्या फेऱ्या वहीत लिहून काढल्या. आठवड्यातून सहा दिवस भोसरी-मोशी-चाकण आणि परत. नाशिक हायवेचा तो पट्टा आणि चाकणचा चौक ज्याने संध्याकाळी सहा वाजता पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. पुढे कंटेनर, मागे कंपनीची बस, बाजूला खडीचा डंपर. तिथे २६५ पीएस आणि ६५ पीएस एकाच रांगेत उभे असतात. तीन महिन्यांत मोकळ्या रस्त्यावर गाडी गेली ती पाच वेळा, त्यात दोनदा एक्सप्रेस-वेवर. तिथे सपाटीवर वेगमर्यादा १००, घाटात ६०, आणि डोक्यावर कॅमेरे.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतात, तापमान वाढतं, आणि स्पार्कनंतर ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटू लागतं. यालाच नॉकिंग म्हणतात. ऑक्टेन जितकं जास्त तितकं पेट्रोल हे सोसतं. नॉक सेन्सरला धोका जाणवला की ईसीयू स्पार्क मागे ढकलतो, इंजिन वाचतं, पण ताकद कमी होते. म्हणजे आपल्या मे महिन्यात, बेचाळीस डिग्रीत, ब्रोशरमधले सगळे पीएस चाकापर्यंत पोचतीलच असं नाही. १०० ऑक्टेनचं पेट्रोल पुण्यात डिसेंबर २०२० मध्ये आलं, पण ते मोजक्याच पंपांवर मिळतं आणि खिशाला लागतं. शिवाय २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल. फेब्रुवारी २०२३ पासून ते येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पसरलं. इथेनॉलला रबरी नळ्या आणि सील त्या प्रतीचे लागतात. युरोपात नेहमीचं पेट्रोल १० टक्के इथेनॉलचं असतं. म्हणून कंपनीने भारतासाठी आणलेल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ई-२० चा स्पष्ट उल्लेख आहे का, हे मी स्वतः वाचल्याशिवाय कोणाला हो म्हणणार नाही. वापरलेली गाडी बाहेरून आणणाऱ्याने तर हे आधी बघावं.

टायर तिसरी गोष्ट. गोल्फचे २२५/४० आर १८. चाळीस म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या चाळीस टक्के, म्हणजे नऊ सेंटिमीटर. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरचा पावसाळ्यातला खड्डा आणि अलॉय यांच्यामध्ये एवढंच रबर. माझ्या ओळखीतल्या एकाच्या आयात गाडीची मागची काच फुटली, ती बाहेरून यायला सात आठवडे लागले. तोवर गाडी शेडमध्ये, प्लास्टिक गुंडाळून. इथे बनणाऱ्या गाडीची काच दोन दिवसांत बसते, कधीकधी त्याच दिवशी.

मग घसारा. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना ठरलेल्या कोष्टकाने घसारा धरतात. दोन ते तीन वर्षं वयाच्या गाडीला ३० टक्के. ५३ लाखांचे ३० टक्के म्हणजे १५ लाख ९० हजार. नुसत्या घसाऱ्यात जवळपास एक व्हर्टस जाते! २० लाखांच्या गाडीचे जातात सहा. रोड टॅक्सही धरा : गोल्फचा १० लाख ६० हजार, व्हर्टसचा १२ टक्क्यांनी २ लाख ४० हजार. दोन गाड्यांच्या रस्त्यावरच्या किमतीत विमा सोडून ४१ लाखांचं अंतर. त्याच महिन्यात मामाच्या टेबलावर एका व्हीएमसी मशीनचं कोटेशन पडलेलं होतं. आकडा मी इथे छापत नाही, पण ४१ लाखांत ते मशीन टूलिंगसकट बसत होतं. आणि ते मशीन नसल्यामुळे तो एका गिऱ्हाइकाचं काम बाहेर देत होता, हे मामीने मला जेवताना हळूच सांगितलं.

मी हा सगळा तक्ता मामापुढे ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "सगळं बरोबर आहे गं. पण यात हौसेचा कॉलम कुठाय?"

प्रश्न रास्त होता. हौसेला युनिट नाही, म्हणून ती एक्सेलमध्ये बसत नाही, पण गाडी घेणारा माणूस तिच्यासाठीच घेतो. नाहीतर तीन चाकी टेम्पोनेही चाकण गाठता येतं. म्हणून मी तक्त्यात आणखी एक ओळ घातली : तीन महिन्यांत पाच वेळा मोकळा रस्ता, त्या पाच दिवसांत कोणत्या गाडीने जास्त आनंद मिळेल? उत्तर गोल्फ. पण किती जास्त, हे त्यानेच ठरवायचं होतं. त्यासाठी मी त्याला दोन्ही गाड्या चालवून बघायला लावल्या. व्हर्टस आधी, एकट्याने, शनिवारी सकाळी. परत आला तेव्हा गोल्फबद्दल काही बोललाच नाही, मॅन्युअल गिअरबॉक्सचं किती दिवस थांबावं लागेल एवढंच विचारलं. नंतर गोल्फही चालवली आणि ती अर्थातच जास्त आवडली. तरी दिवाळीत शेडमध्ये पूजा झाली ती नव्या व्हीएमसीची. व्हर्टस मार्गशीर्षात आली, एमएच-१४ नंबरची.

तिसरा भिडू

या सगळ्यात एक गाडी मी मामाला सुचवली होती आणि त्याने हात झटकले, पण तुम्हाला सांगायलाच हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने चाकणला बनणारी इलेक्ट्रिक बीई ६ दाखवली. ७९ किलोवॅट-अवरची मोठी बॅटरी असलेल्या गाडीत २१० किलोवॅटची मोटर मागच्या चाकांना जोडलेली, ३८० न्यूटन-मीटर, आणि शून्य ते शंभर ६.७ सेकंद असा कंपनीचा दावा. वरच्या मॉडेलची किंमत तेव्हा २६ लाख ९० हजार. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी पाच टक्के. म्हणजे आयात गोल्फपेक्षा पाऊण सेकंदाने मागे, आणि निम्म्या पैशात. मामाचं म्हणणं, "आवाज नाही त्यात." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मेसमधल्या 'चाकण-पक्षा'ने आता स्टिकरवरून भांडायचं सोडून हा आकडा पुढे करावा. फक्त एक लक्षात ठेवा, तिच्या बॅटरीतल्या सेल चीनच्या बीवायडीच्या आहेत. शंभर टक्के स्थानिक अशी गाडी आज कुठेच नाही, फक्त काय बाहेरून आलं आणि कोणत्या दराने, हे वेगळं असतं.

आयात घ्यावीच अशी वेळही येते. तुम्हाला हवी त्या जातीची गाडी इथे बनतच नसेल, हप्त्याशिवाय घेता येत असेल, घरात रोजची दुसरी गाडी असेल, तर खुशाल घ्या. थोडं थांबायची तयारी असेल तर दरांकडेही लक्ष ठेवा. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात ठरावीक कोट्यातल्या ब्रिटिश गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलं आहे. वर ५० लाखांची गाडी १ कोटी ७६ लाखांना पडली होती ना? ११० च्या जागी १० घालून तेच गणित पुन्हा करा. ९२ लाखांच्या आसपास येतं.

आणि शोरूममध्ये गेलात तर सेल्समनला शून्य-ते-शंभर विचारू नका, ते तुम्हाला पाठ असतं. पुढची काच, बंपर आणि हेडलाइट यांची किंमत विचारा, ते सामान भारतात कुठल्या गोदामात पडून आहे हे विचारा, ई-२० चं मॅन्युअलमधलं पान उघडून दाखवायला सांगा, आणि या खेपेतल्या किती गाड्या अजून शिल्लक आहेत तेही विचारा. या शेवटच्या प्रश्नावर तो जरा थांबला, तर सही करायची घाई करू नका.